नाव माझे, नंबर कुणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी कुणीतरी चार शब्द बोलावेत, ही आपल्या मंडळाची जुनी चाल आहे. आजवर येथे आपण बालसंगोपन ऐकले, परसबाग ऐकली, आणि बचतगटाचे हिशेब तर इतक्या वेळा ऐकले की ते आता ह्या भिंतींनाही पाठ झाले असतील. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही मोबाइलवर बोला." मी म्हटले, "अहो, मोबाइलवर तर आता सगळेच बोलतात!" त्या हसल्या, पण विषय काही बदलला नाही.

मी पडले निवृत्त शिक्षिका. खडू आणि फळा ह्यांपलीकडे यंत्राशी माझा संबंध शिवणयंत्रापुरता. तेव्हा ह्या विषयावर अधिकाराने बोलण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. ठेचा मात्र पुष्कळ खाल्ल्या आहेत. कोठे दगड आहे एवढे मी सांगू शकेन; रस्ता बांधणे शिकल्यासवरल्या मुलींनी पाहावे.

प्रथम सर्वांची जी तक्रार आहे ती घेते. रात्री फोन उशाशी ठेवावा, सकाळी हाती घ्यावा, तर कालचे काहीच जागेवर नाही. बटण होते तेथे चित्र आलेले, चित्र होते तेथे नुसतीच रेघ. २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशभर पुष्कळांच्या फोनांवरील, फोन घेण्याचा आणि लावण्याचा पडदाच एका रात्रीत बदलला होता, हे आपल्याला आठवत असेल. आमच्या शेजारच्या मावशी त्या दिवशी धावत आल्या. "बाई, माझा फोन कुणी बदलून नेला बघा!" फोन त्यांचाच होता, पाठीवर नातवाने चिकटवलेला गणपतीही होता. पण मुलीचा फोन वाजत होता आणि तो उचलावा कसा हे मावशींना कळेना. दोनदा वाजून तो बंद पडला. मुलगी बाळंतपणाला टेकलेली. मावशींच्या जिवाचे काय झाले असेल, ते आपणच जाणावे. (मुलगी सुखरूप होती. मीठ कोठे ठेवले आहे हे विचारायला तिने फोन केला होता!)

ह्या रातोरात होणाऱ्या बदलाला अपडेट म्हणतात. मावशींचे मत असे की ही सगळी कंपन्यांची रिकामी उठाठेव आहे. माझेही पूर्वी तेच मत होते. आता निम्मे आहे. का, ते सांगते.

आपल्याकडचा पाऊस काय असतो हे तळेघरच्या बायकांना सांगायला नको. मृगाच्या आधी आपण घर शाकारतो. कौले चाळतो, फुटके काढून नवे बसवतो. घर दिसायला जसेच्या तसेच राहते, पण भोक बुजलेले असते. अपडेटचा एक प्रकार असा शाकारणीचा असतो. फोनच्या किंवा संगणकाच्या रचनेत कोठे भोक राहून गेले आणि त्यातून चोर शिरू शकतो असे आढळले, की कंपनी ते बुजवून पाठवते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा एक उपद्रव जगभर पसरला आणि इंग्लंडातल्या कित्येक इस्पितळांचे संगणक बंद पडून रोग्यांना परत पाठवावे लागले. गंमत म्हणा की दैव म्हणा, त्या भोकाची डागडुजी दोन महिने आधीच, मार्चमध्ये, कंपनीने पाठवलेली होती. ज्यांनी ती करून घेतली नव्हती त्यांच्या घरात पाणी आले. तेव्हा ही शाकारणी टाळू नये.

पण कौले बसवायला आलेल्या गड्याने जाताजाता आपली चूल उचलून पडवीत नेऊन मांडली, तर त्याला आपण काय म्हणू? दुसऱ्या प्रकारचे अपडेट हे असे आहे. आणि दुःख असे की दोन्ही एकाच पोतडीतून येतात. छप्पर हवे असेल तर चूल हलवलेली सोसा! हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते बदलण्याचे मला काही कारण दिसत नाही.

तिसरी गोष्ट त्याहून वाईट. काही वर्षांनी कंपनी त्या फोनाची शाकारणीच बंद करते. फोन धडधाकट असतो, घंटा वाजते, पण छप्पर गळू लागलेले असते. स्वस्त फोनांच्या नशिबी हे लवकर येते आणि आपल्या घरांत येतात ते स्वस्तच फोन, नाहीतर मुलाने नवा घेतला म्हणून आईकडे आलेला जुना. युरोपात २० जून २०२५ पासून असा नियम झाला आहे की, एखाद्या फोनाची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षे त्याची अपडेटे दिली पाहिजेत. आपण दुकानात रंग विचारतो, कॅमेरा विचारतो. "ह्याला अपडेट किती वर्षे येणार?" हेही विचारावे. दुकानदार गोंधळेल. गोंधळू द्यावा.

न चालणारा फोन माथी मारला तर काय करावे, ह्याचा धडा मात्र आपल्याच राज्यातील बायकांनी घालून दिला आहे. अंगणवाडीच्या सेविकांना बालकांच्या वजन-उंचीच्या नोंदी करण्यासाठी सरकारने फोन दिले होते. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर हे नवे अ‍ॅप आले. फोनांची आठवण, म्हणजे ज्याला रॅम म्हणतात ती, अवघी दोन जीबी. अ‍ॅप त्यात मावेना, फोन तापू लागला, अडकू लागला, आणि नोंदी करायच्या त्या इंग्रजीत! कित्येक सेविकांनी पदरचे पैसे घालून दुरुस्त्या केल्या, मुलांचे फोन वापरले. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी मोर्चे काढून ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. सांगायचे ते हे की, त्यांनी 'आम्हाला जमत नाही' असे म्हटले नाही. 'हे चालत नाही' असे म्हटले. ह्या दोन वाक्यांत फार अंतर आहे. फोन अडला की आपण बायका आधी स्वतःलाच अडाणी ठरवतो. मावशी त्या दिवशी दहा वेळा म्हणाल्या, "मला मेलीला काही येत नाही." अहो, चार गुरे सांभाळून, भाताची आवणी आटोपून, हिरडा वाळवून विकणाऱ्या बाईला काही येत नाही? पडदा बदलणाऱ्याला कुणी विचारले होते का, तुला हे करायला कुणी सांगितले म्हणून?

असो. ही झाली फोन आपल्याला समजत नाही त्याची गोष्ट. फोनाला आपण फार समजतो, ही दुसरी गोष्ट आहे, आणि ती मला अधिक टोचते.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी गावातील पत्रे वाचून देत असे. घरोघरचे पुरुष मुंबईला माथाडीत नाहीतर गिरणीत, आणि पत्र आले की बायका शाळा सुटण्याची वाट पाहत ओट्यावर बसायच्या. "बाई, ह्यात काय आलंय बघा जरा." कुणाची मनीऑर्डर का आली नाही, कुणाच्या सासूने काय लिहिले, कुणाच्या नवऱ्याने मुंबईत काय चालवले आहे, हे सगळे मला ठाऊक असे. त्या बायकांनी माझ्यापासून काही लपवले नाही आणि मी ते पोटात ठेवले. ठेवले म्हणजे काय, ठेवावेच लागते. नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर उभी कशी राहू? आजही काहीजणी ह्या सभेत बसल्या आहेत आणि माझ्याकडे पाहून हसत आहेत. भिऊ नका, काही सांगत नाही!

आता पत्र वाचणारा फोन आहे. त्याला आपले सगळे कळते. पण त्याला पोट नाही. २०१३ साली अमेरिकेत एक प्रकरण गाजले. फोनावर नुसती विजेरी लावणारे एक अ‍ॅप होते. लाखो लोकांनी ते घेतले होते. ते अ‍ॅप, माणूस कोठे आहे ह्याचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवीत होते. तेथील व्यापार आयोगाने त्याला पकडले. कंदिलाला तुमचा पत्ता कशाला हवा? पण आपण परवानगी दिलेली असते. 'अलाऊ' असे लिहिलेले आले की आपण दाबतो, कारण दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही असे वाटते. पुष्कळदा जाता येते. शिधापत्रिकेच्या कामाला कॅमेरा लागेल, हे समजते. भजनाच्या अ‍ॅपला आपल्या फोनातील सगळ्या माणसांचे नंबर कशाला? तेथे 'नको' म्हणून पाहावे. भजन बहुधा तरीही लागते.

झेरॉक्सची गोष्ट वेगळी सांगायला नको, पण सांगते. अर्ज कुठलाही असो, आपण पदरातून आधारची प्रत काढून देतो, आणि ती कोठे पडते हे पाहत नाही. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने सूचना काढली की आधारची प्रत कुणालाही सरसकट देऊ नका; दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. तिचा चुकीचा अर्थ लावला जाईल म्हणून घेतली. पण सूचनेत सांगितलेला उपाय आजही उपलब्ध आहे: ज्या प्रतीत पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात, अशी प्रत काढून मिळते. सगळीकडे ती चालते असे नाही, पण जेथे चालते तेथे तीच द्यावी. आणि साधी प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहावे, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. आपल्या गावांत कुणी कुणाचे कागद चोरील असे मला वाटत नाही. पण कागदाला गाव नसते.

कुणी म्हणेल, बाई, आपल्यासारख्यांचे असे लपवण्याजोगे आहे तरी काय? ह्याचे उत्तर कर्नाटकातील एका निवृत्त न्यायाधीशांनी मिळवून ठेवले आहे. के. एस. पुट्टस्वामी त्यांचे नाव. २०१२ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ते आधारच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वयात आपण तीर्थयात्रा काढतो! २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले की खाजगीपण हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. पुढे २०१८ मध्ये आधारही काही अटींनिशी कायम राहिले, ही गोष्ट निराळी. पण हक्क मान्य झाला, तो लपवण्याजोगे काही असलेल्यांसाठी नव्हे, सर्वांसाठी. २०२३ मध्ये माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यांतील मुख्य बंधने नियमांनंतर दीड वर्षाने लागू व्हावयाची असे ठरले. कायद्याची चाल आपल्याला ठाऊकच आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगते. ती सांगितल्याशिवाय हे भाषण करण्याचा मला अधिकार नाही.

आमचे हे गेल्यावर त्यांचा फोन मी कपाटात ठेवला. मुलगा म्हणाला, आई, दर महिन्याला रिचार्ज कशाला करायचा? मीही म्हटले, खरेच आहे. नंबर बंद झाला. पुढे सात-आठ महिन्यांनी, एका संध्याकाळी, का कोण जाणे, मी माझ्या फोनावरून तो नंबर लावला. लागणार नाही हे मला ठाऊक होते. नाव अजून फोनात होते, बोट गेले, एवढेच. पण घंटा वाजू लागली. आणि पलीकडून एक मुलगी म्हणाली, "हॅलो?"

मला काही बोलवेना. मग तीच म्हणाली, "आजी, रडता का? कोण हवंय तुम्हाला?" परभणीकडची होती. नवीन सिमकार्ड घेतले, त्यावर तिला हा नंबर मिळाला होता. मी सांगितले की हा माझ्या यजमानांचा नंबर होता. ती जरा थांबली आणि म्हणाली, "म्हणजे ती पेन्शन तुमची का? दर महिन्याला जमा होते तो मेसेज मला येतो. गेल्या आठवड्यात तुम्ही दोन हजार काढलेत ना?"

मैत्रिणींनो, मी भिंतीला टेकून खालीच बसले. ती पोर मायाळू होती, म्हणून हसून सांगत होती. पण माझी पेन्शन किती, मी कधी काय काढले, हे मी माझ्या सख्ख्या बहिणीला कधी सांगितले नव्हते, ते तिला तोंडपाठ होते. खाते आम्हा दोघांचे म्हणून उघडलेले. नंबर ह्यांचा दिलेला. मी कधी विचारसुद्धा केला नाही. मग मला असेही कळले की ह्यात कुणाची लबाडी नाही. बंद पडलेला नंबर निदान नव्वद दिवस कुणाला देत नाहीत आणि त्यानंतर तो दुसऱ्याला देता येतो. दूरसंचार नियामकाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हेच सांगितले. आणि न्यायालयाचे म्हणणे असे पडले की जुना नंबर सोडणाऱ्याने आपली आपण व्यवस्था करावी. ठीक आहे. पण सोडणारा माणूस जगच सोडून गेला असेल तर?

मी नंबर बदलायला निघाले. फोनावरून करून पाहिले, तर उत्तर आले: तुमच्या नोंदलेल्या नंबरावर ओटीपी पाठवला आहे. म्हणजे परभणीला! त्या मुलीचा लगेच फोन. "आजी, आकडे आलेत, वाचून दाखवू का?" वर्षानुवर्षे मी ह्याच सभेत सांगत आले की ओटीपी कुणाला सांगू नका. आता माझाच ओटीपी मला एक अनोळखी मुलगी सांगणार होती. मी म्हटले, "नको पोरी, तू तो पुसून टाक." मग बँकेच्या तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेस तेथील तरुण म्हणाला, "आजी, हे घरबसल्या ऑनलाइन होतं." मी म्हटले, "बाळा, घर बसले होते, म्हणूनच आले." दुसऱ्या खेपेस सर्व्हर बंद. तिसऱ्या खेपेस मृत्यूचा दाखला, अर्ज, दोन सह्या, आणि काम झाले. परतीच्या एस.टी.त डिंभ्याचा जलाशय दिसू लागला तेव्हा फोन वाजला. माझ्या खात्याचा पहिला मेसेज, माझ्या फोनावर. वय वर्षे अडुसष्ट!

तेव्हापासून मी आपल्या आळीत घरोघर एकच प्रश्न विचारीत फिरते आहे: तुमच्या आधारला, तुमच्या खात्याला नंबर कुणाचा आहे? बहुतेकींना ठाऊकच नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांचा नंबर चाकणला कंपनीत जाणाऱ्या मुलाचा, मुंबईच्या दिराचा, लग्न होऊन गेलेल्या नणंदेचा. एकीचा तर ज्या मुलाने अर्ज भरला त्याचाच. तो मुलगा आता कोठे असतो हे कुणालाच माहीत नाही.

आणि हे दुखणे किती मोठे आहे ते लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. जुलै २०२४ पासून योजना सुरू झाली, महिन्याला दीड हजार रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये सांगण्यात आले की प्रत्येकीने ई-केवायसी करावे. आपल्या आधारचा ओटीपी द्यावा, आणि शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. पैसे बाईचे, पण ओटीपी दोन! नवरा परगावी असेल तर तो फोनाजवळ असायला हवा. आणि ज्या बाईचा नवरा वारला आणि वडीलही नाहीत, तिने कुणाचा ओटीपी आणावा? ह्या बायकांसाठी नंतर दाखले अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. पण सोय होईपर्यंत त्या बायकांनी किती उंबरे झिजवले असतील! त्यात एक प्रश्न असा होता की घरातील कुणी सरकारी नोकरीत 'नाही' ना, ह्याचे उत्तर 'होय' द्यायचे. मी आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवले, पण असा प्रश्न मी चौथीच्या पेपरातसुद्धा घातला नसता. पुष्कळींनी 'नाही' दाबले, आणि झाल्या सगळ्या सरकारी नोकर! पुढे सेविकांमार्फत घरी जाऊन पडताळणी करण्यास सांगावे लागले. आधी फोन, मग माणूस. उलट असते तर?

हा प्रश्न मी घरोघर विचारते म्हणून एक-दोन घरी मला ऐकावेही लागले. एक काका म्हणाले, "बाई, तुम्ही बायकांना वेगळे नंबर घ्यायला सांगता, घरात भांडणे लावता का?" मी त्यांना विचारले, "काका, सातबाऱ्यावर तुमचे नाव आहे ते भावावर विश्वास नाही म्हणून का?" ते हसले आणि चहा घ्या म्हणाले. विश्वासाचा प्रश्नच नाही. मुलगा लाख गुणाचा असेल. पण रात्रपाळीला असतो, फोन लॉकरमध्ये असतो, आणि ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहायचे असे आपल्या राज्यात ठरले. नावात आई आली. नंबरात ती अजून यायची आहे.

खर्चाचे म्हणाल तर तोही मी पाहिला आहे. ओटीपी साध्या बटणाच्या फोनावरही येतो; त्याला इंटरनेट लागत नाही. नुसते बोलणे आणि मेसेज एवढ्याचाच स्वतंत्र रिचार्ज ठेवा, असे नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितले आहे. दुकानदार आपण होऊन तो दाखवणार नाही, विचारावे लागते. आधारला नंबर जोडायला आधार केंद्रात जाता येते. कागद लागत नाही, अंगठा लागतो आणि ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये पडतात. बँकेत मात्र वेगळे सांगावे लागते. आधारला नंबर बदलला म्हणजे खात्याला आपोआप बदलतो, अशी माझी समजूत होती. ती चूक आहे.

अंगठ्याचे निघालेच म्हणून सांगते. आवणीत आणि भांड्यांच्या राखेत आपल्या रेषा झिजतात आणि रेशनचे यंत्र आपल्याला ओळखत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अंगठ्याची नक्कल करून खात्यातून पैसे काढल्याचे प्रकारही देशात घडले आहेत. त्यावर उपाय म्हणून आधारच्या अ‍ॅपवरून अंगठा कुलुपबंद करता येतो. मात्र कुलूप लावले की रेशनच्या यंत्रावरही तो चालत नाही. आधी उघडावा लागतो. आणि कुलूप लावायला ओटीपी लागतो. फिरून पुन्हा तेथेच आलो, पाहा! कुणाचे पैसे गेलेच, तर रडत बसण्याआधी १९३० ह्या नंबरावर फोन करावा. जितका लवकर, तितके पैसे अडवण्याची आशा अधिक. हा नंबर मी फळ्यावर लिहून ठेवला आहे. तो कुणी पुसू नये, अशी चिटणीसबाईंना विनंती.

फोन टाकून द्या असे माझे मुळीच म्हणणे नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेवर माणसे गेली, आणि गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळले ते त्या वाटेने गेलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. आपल्या तालुक्यातील बाई फोनाला नाके मुरडील, असे मला वाटत नाही. पण तो आपल्या पदरात हवा. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी एका बाईलाच मिळाले, रंजना सोनवणे ह्यांना. सुरुवात आपल्यापासून झाली होती, एवढे मी ध्यानात ठेवते.

परभणीची ती मुलगी मला अजून फोन करते. दिवाळीला केला होता. तिने तो नंबर स्वतःच्या खात्याला जोडला आहे. मी तिला विचारून घेतले.

फार वेळ घेतला. चहा उकळून पुन्हा उकळला असेल. चहा झाला की मी वही आणि चष्मा घेऊन ओसरीच्या त्या कडेच्या खांबापाशी बसते. रेंज तेथेच बरी येते. फोन आणि पासबुक घेऊन या, आपण एकेकीचे पाहू. ज्यांचा नंबर मुंबईला किंवा चाकणला आहे त्यांनी आधी यावे. ज्यांना कुणाचा आहे हेच ठाऊक नाही, त्यांनी त्यांच्याही आधी.